एका घरात दोन चुली

वाटणी हा शब्द आपल्या घरांत हळू आवाजात बोलतात. शेताची वाटणी, दुकानाची वाटणी, सासूबाईंच्या दागिन्यांची वाटणी. बाया तर तो शब्द काढायच्या आधी दार लोटून घेतात. कॉम्प्युटरवाल्यांच्यात मात्र वाटणी हा रोजचा शब्द. पार्टिशन म्हणतात ते तिला. एकाच डिस्कवर विंडोज आणि युनिक्स अशा दोन चुली मांडायच्या तर आधी वाटणी करावी लागते, आणि ती करताना जगभरच्या साध्या माणसांनी जे हाल काढले त्यांचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही. यंत्रांचे इतिहास असतात ते कंपन्यांचे, नाहीतर शोध लावणाऱ्यांचे. वापरणाऱ्याचा त्यात पत्ता नसतो.

मी जैनथची. आदिलाबादहून वीसेक किलोमीटर. गावाच्या नावात जैन आहे, आणि आज गाव ओळखलं जातं ते लक्ष्मीनारायणाच्या देवळावरून. परमार घराण्यातल्या जगद्देवाच्या काळचा संस्कृत शिलालेखही इथलाच. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि वर थोडी हिंदी. एका छपराखाली दोन-तीन कारभार चालतात हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना ते का सुचलं नसेल, याचं मला अजून नवल वाटतं.

आमच्या कापसाच्या आडतीत १९९९ मध्ये नागपूरहून कॉम्प्युटर आला. विंडोज ९८, चार जीबीची डिस्क, हिशेबासाठी टॅली. दोन वर्षांनी माझा पुतण्या इंजिनीअरिंगच्या सुट्टीत आला तो हातात एक सीडी घेऊन. पीसीक्वेस्ट नावाचं मासिक १९९६ पासून लिनक्सच्या सीडी वाटायचं, त्यातलीच एक. लिनक्स म्हणजे युनिक्सच्याच घराण्यातलं, पण फुकटचं आणि मोकळं. “काकू, तुम्हाला मराठीत लिहायचंय ना? हे टाकू. टॅलीला हात लावत नाही, शेजारी टाकू,” तो म्हणाला. तो शेजारी हा शब्दच सगळ्या कटकटीचं मूळ.

आधी युनिक्स म्हणजे काय ते सांगते. ऑपरेटिंग सिस्टिम ही यंत्रातली कर्ती बाई. पडद्यावर काय दिसावं, फाइल कुठे ठेवावी, प्रिंटरला कधी हाक मारावी, सगळं तिच्या हातात. युनिक्सचा जन्म १९६९ चा, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून. बेल ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा, आणि १९५६ च्या एका सरकारी तडजोडीमुळे त्या कंपनीला कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरायला मनाई होती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांकडे गेलं आणि तिथे वाढलं. ते मोठ्या, सामायिक यंत्रांवरचं. एका यंत्रावर दहा माणसं बसत, पण कर्ती बाई एकच. शेजारी दुसरी कर्ती असेल हा प्रश्नच तिला कधी पडला नव्हता.

आपल्याकडेही युनिक्स पोहोचलं ते मागच्या दारानं. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत यंत्रं येऊ लागली, आणि त्यांतली पुष्कळ युनिक्सवर चालत. ज्या बायांनी त्या काळात बँकेत पासबुक भरून घेतलं त्यांच्या नकळत युनिक्सनं त्यांचं काम केलेलं आहे. तिथेही डिस्क सगळी त्याचीच. तिथे तंटा नव्हता.

तंटा सुरू झाला तो घरगुती यंत्रात. आयबीएमनं १९८१ मध्ये पीसी काढला. १९८३ मध्ये एक्सटी नावाचं पुढचं यंत्र आलं, त्यात दहा एमबीची हार्ड डिस्क होती. त्याच्या जोडीला डॉस २.० आलं, आणि डिस्कची वाटणी कशी लिहायची तेही तेव्हाच ठरलं. डिस्कचा अगदी पहिला तुकडा ५१२ बाइटांचा. या पानावरच्या एका छोट्या परिच्छेदालासुद्धा तो पुरायचा नाही. त्यातल्या ४४६ बाइटांत यंत्र जागं करणारा प्रोग्रॅम, ६४ बाइटांत वाटणीपत्र आणि शेवटच्या दोन बाइटांत सही. वाटणीपत्रात हिस्से मोजून चार. पाचवा भाऊ असेल तर चौथ्याच्या हिश्श्यात पोटहिस्सा पाडायचा. (आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचेही २०१६ मध्ये चारच जिल्हे केले, पण तो योगायोग.)

आता खरी गोम बघा. हिस्से चार, पण उंबरा एक. यंत्र सुरू झालं की ते आधी त्या ४४६ बाइटांपाशी जातं. तिथे ज्याचा प्रोग्रॅम बसलेला, त्याचं घर. तो म्हणेल त्या हिश्श्याचं दार उघडेल. आणि तो उंबरा कुणाचा, याचा काही नियमच लिहिलेला नव्हता. जो शेवटी आला त्यानं आपली पाटी लावायची, आधीच्याची काढून टाकायची. १९८३ मध्ये दहा एमबीच्या डिस्कवर दोघी नांदतील असं क्वचितच कुणाला वाटलं असेल, त्यामुळे त्या वेळच्या लोकांना मी फार बोल लावत नाही. पुढच्या वीस वर्षांत मात्र सगळ्यांना सगळं दिसत होतं.

घरगुती यंत्रावर खरंखुरं युनिक्स आणायची धडपड १९८० च्या दशकाच्या शेवटी जोरात सुरू झाली. प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मिनिक्स लिहिलं. विल्यम आणि लिन जोलित्झ या नवरा-बायकोनं बर्कलीचं युनिक्स ३८६ च्या चिपवर आणलं आणि ते कसं आणलं याची लेखमाला १९९१ पासून एका मासिकात लिहिली. दोघांचं ३८६बीएसडी १९९२ मध्ये लोकांच्या हाती आलं. युनिक्सच्या गोष्टीत बायकोचं नाव नवऱ्याच्या बरोबरीनं छापलेलं मी एवढ्या एकाच ठिकाणी वाचलं, म्हणून मुद्दाम सांगते. त्याच सुमारास फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनं, वय एकवीस, १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केलं.

हे सगळे विद्यार्थी नाहीतर हौशी, आणि प्रत्येकाच्या यंत्रावर आधीच डॉस बसलेलं. ते काढून टाकावं तर घरातली कामं अडणार. म्हणून युनिक्स बहुतेकांकडे आलं ते धाकटी सून म्हणून. स्लॅकवेअर १९९३ मध्ये निघालं ते २४ फ्लॉप्यांवर. तेविसावी फ्लॉपी खराब निघाली की पुन्हा पहिल्यापासून. डिस्कवर तर रिकामी जागा नसायची, कारण विकणाऱ्यानं सगळी डिस्क एकाच हिश्श्यात देऊन टाकलेली. हिस्सा लहान करायचा तर आतलं सामान एका कोपऱ्यात सरकवायचं आणि भिंत अलीकडे घ्यायची. फिप्स नावाचा एक छोटा प्रोग्रॅम ती भिंत अलीकडे घ्यायचा, आणि त्याच्या सोबतच्या माहितीत पहिला सल्ला असायचा की आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवा. नक्कल कशावर काढणार? चार जीबीच्या नकलेला हजारो फ्लॉप्या लागल्या असत्या.

जैनथमध्ये यात आणखी एक गोष्ट होती, वीज. भिंत सरकवता सरकवता वीज गेली तर ना हे घर, ना ते. माझ्या पुतण्यानं ते काम रात्री अकराला सुरू केलं, कारण उन्हाळ्यात दिवसा लाइटचा भरवसा नव्हता. मी कंदील भरून ठेवला होता, त्याचा यंत्राला काय उपयोग होता देव जाणे. पाऊण तासानं भिंत सरकली. तेव्हाचं लिनक्स वीज गेल्यावर पुन्हा उठायचं तेव्हा सगळी डिस्क तपासत बसायचं, वीस-वीस मिनिटं. ईएक्सटी३ नावाची रोजनाम्याची पद्धत २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली तेव्हा कुठे हा त्रास कमी झाला. ती पद्धत आपल्या वहीखात्यासारखीच. आधी रोजमेळात टिपायचं, मग खतावणीत चढवायचं. मध्ये हात थांबला तरी काय राहिलं ते कळतं.

उंबऱ्यावर बसायला लिनक्सवाल्यांनी लिलो नावाचा राखणदार बसवला. यंत्र सुरू झालं की तो विचारायचा, कुणाकडे जायचं? विंडोज की लिनक्स? पण लिलोचा स्वभाव विचित्र. तो स्वतःचं नाव एकेक अक्षरानं पडद्यावर लिहायचा, आणि जिथे अडेल तिथे थांबायचा. पडद्यावर नुसतं एल-आय येऊन थांबलं की समजायचं, राखणदार दारात चक्कर येऊन पडला. काय बिघडलं ते त्या अर्ध्या नावावरून ओळखायचं. त्यातही एक मोठं कारण म्हणजे यंत्राची जुनी बायोस डिस्कच्या १०२४ व्या सिलिंडरपलीकडे बघू शकत नसे. लिनक्सचा गाभा त्या रेषेपलीकडे पडला की राखणदाराला तो दिसायचाच नाही. पण अलीकडची जागा तर सगळी विंडोजनं धरलेली! २००० च्या सुमारास लिलोत सुधारणा होऊन ती रेषा गेली, तोवर कित्येकांनी निव्वळ या एका आकड्यापायी डिस्का पुन्हा पुन्हा पुसल्या.

आणि हे सगळं जमलं तरी विंडोज पुन्हा टाकायची वेळ यायचीच. विंडोज ९५ आणि ९८ दर वर्ष-दीड वर्षानं पुन्हा टाकावं लागणं हे तेव्हा ताप-खोकल्यासारखं होतं. टाकलं की ते न विचारता उंबऱ्यावरची लिलोची पाटी पुसून आपली लावायचं. लिनक्स आत जिवंत, पण दार नाही. फ्लॉपीवरून लिनक्स उठवून लिलो पुन्हा बसवायचा. ती फ्लॉपी ज्यानं जपली तो तरला.

युनिक्सवाले आपसांतही गुण्यागोविंदानं राहत असे नाही. वाटणीपत्रात प्रत्येक हिश्श्याला प्रकाराचा एक आकडा देतात. लिनक्सनं तात्पुरत्या जागेसाठी ८२ हा आकडा घेतला, सन कंपनीच्या सोलॅरिसनं तोच आकडा आपल्या संपूर्ण घरासाठी. दोन्ही एका डिस्कवर ठेवली की लिनक्सला वाटायचं, ही माझी अडगळीची खोली, सामान टाकायला हरकत नाही. सोलॅरिसनं २००५ च्या सुमारास आकडा बदलला.

घड्याळाचा घोळ तर खास आपला. यंत्रात एक सेलवरचं घड्याळ असतं. विंडोज मानतं की ते इथली वेळ दाखवतं. युनिक्स जन्मापासून मानतं की ते ग्रीनिचची वेळ दाखवतं. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात हा फरक शून्य, त्यामुळे तिथल्याला अर्धं वर्ष तरी कळायचं नाही. आपल्याकडे साडेपाच तास. संध्याकाळी साडेसहाला मी लिनक्समध्ये पत्र लिहायला बसले की त्यावर उद्याची तारीख यायची. लिनक्सनं ते घड्याळ आपल्या हिशेबानं लावलं की टॅलीत संध्याकाळी सातला दुपारचा दीड. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकणाऱ्या घरात त्या घड्याळाची फार थट्टा झाली. उपाय एका ओळीचा होता, लिनक्सला सांगायचं की बाई, तूच इथली वेळ मान. पण हे कुणीतरी सांगायला हवं ना. आमचा मोडेमही विंडोजशिवाय बोलत नसे. स्वस्त मोडेमांचं निम्मं काम विंडोजमधला प्रोग्रॅम करायचा. म्हणजे लिनक्सचा उपाय शोधायला विंडोजमध्ये जायचं, तो कागदावर उतरवायचा, यंत्र बंद करायचं, पुन्हा लिनक्समध्ये यायचं, एक शब्द चुकला की परत विंडोज.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? एकच ठेवावं. गोव्यात २००० नंतरच्या वर्षांत परदेशातून आलेले जुने कॉम्प्युटर शाळांना दिले गेले तेव्हा त्यांवर नुसतं लिनक्सच घातलं, आणि तिथे हा उंबऱ्याचा तंटा आलाच नाही. खरं आहे. पण घरात टॅली विंडोजवरच चालायचं आणि हिशेब थांबवता येत नव्हते. आणि मराठी मला विंडोज ९८ मध्ये नीट मिळत नव्हती. तेव्हाची मराठी म्हणजे फॉन्टची मराठी. आपल्या यंत्रावर लिहिलेलं दुसरीकडे तो फॉन्ट नसला की किडे-मुंग्या. युनिकोडची देवनागरी विंडोजमध्ये २००० च्या आवृत्तीपासून आली, पण नवी आवृत्ती म्हणजे नवे पैसे. लिनक्सवाल्यांनी ती फुकट आणली. इंडलिनक्सचे लोक, पुण्या-मुंबईतले स्वयंसेवक एकेक शब्द मराठीत घालत होते. हैदराबादच्या स्वेच्छा या गटानं तेच तेलुगूत केलं. रेड हॅटनं २००४ च्या सुमारास लोहित हे फॉन्ट मोकळे केले, ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, म्हणजे आपल्या श्रीलिपीवाल्यांचे. त्या वर्षी आमच्या यंत्रावर मराठीत ‘जतन करा’ असं लिहिलेलं दिसलं. मेनू अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी, भाषांतर कुठे कुठे हसू येईल असं. तरी मी दहा वेळा ते बटण दाबलं.

त्या लिनक्सच्या हिश्श्यात मी सासूबाईंच्या तोंडची गाणी उतरवत होते. डोहाळ्याची, पर्युषणात बाया म्हणत ती, जात्यावरची. त्यांतली काही तेलुगू-मराठी मिसळलेली, जी या नदीकाठाबाहेर कुठे म्हणत असतील असं मला वाटत नाही. सासूबाई २००५ च्या पावसाळ्यात गेल्या. दिवाळीच्या आधी टॅली अडलं, म्हणून शहरातून एक दुरुस्तीवाला आला. विंडोज पुन्हा टाकून दिलं त्यानं. जाताना म्हणाला, “वहिनी, निम्मी डिस्क रिकामीच पडली होती, तीपण जोडून दिली. आता जागा भरपूर.” मी विचारलं, रिकामी कशी? तर म्हणाला, विंडोजमध्ये तिला नावच नव्हतं.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. विंडोजच्या पडद्यावर लिनक्सचा हिस्सा अनोळखी म्हणून दिसायचा. ना नाव, ना आत काय आहे त्याची खूण. तेव्हा मी फार रडले. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की हा त्या एका पोराचा हलगर्जीपणा नव्हता. नंतर जीपीटी नावाची नवी वाटणीपद्धत आली, तिच्यात १२८ हिस्से मावतात. पण तिथेही लिनक्सची साधनं बरीच वर्षं आपल्या हिश्श्याला विंडोजचीच खूण लावत होती. त्यामुळे विंडोजला वाटायचं, हा हिस्सा आपला पण कोरा, आणि ते विचारायचं, फॉर्मॅट करू का? लिनक्सला स्वतःची वेगळी खूण मिळाली २०११ मध्ये. इथे दोष लिनक्सवाल्यांचाही आहे, आणि मी तो झाकत नाही. सासूबाईंच्या गाण्यांपैकी जी वहीत होती ती राहिली, सतराएक. जी सरळ यंत्रावर घेतली ती गेली.

उंबऱ्याची मालकी हा नुसता तांत्रिक गोंधळ होता असं मानायला मी तयार नाही, आणि त्याला कारण बीओएसची गोष्ट. हे युनिक्स नव्हे, पण त्याच्या शेजारचंच म्हणावं असं. बी कंपनीनं १९९० च्या दशकाच्या शेवटी आपली सिस्टिम फुकट द्यायची तयारी दाखवली, जो कॉम्प्युटरवाला ती विंडोजच्या शेजारी भरून विकेल त्याला. जपानच्या हिताचीनं ती भरली. पण यंत्र सुरू केल्यावर बीओएसचं नाव कुठेच दिसेना. गिऱ्हाइकानं स्वतः खटपट करून ती जागी करायची. बीच्या लोकांचं म्हणणं असं की मायक्रोसॉफ्टच्या कॉम्प्युटरवाल्यांशी असलेल्या करारात उंबऱ्यावर दुसरी पाटी दाखवायला बंदी होती, आणि तो करार व्यापारी गुपित म्हणून झाकलेला. बीनं २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं चूक मान्य न करता दोन कोटी बत्तीस लाख पन्नास हजार डॉलर देऊन तो मिटवला. तोवर बी कंपनी मोडीत निघाली होती. पैसे मिळाले ते उत्तरक्रियेला. म्हणजे धाकटीला घरात घेतलं होतं, खोलीही दिली होती, फक्त दारावर तिचं नाव लावायचं नाही अशी अट. हे वाचल्यावर दुरुस्तीवाल्यावरचा माझा राग बराच उतरला.

पुढची हकीकत बरी आहे. ग्रब नावाचा नवा राखणदार आला, तो वाटणीपत्र स्वतः वाचू शकत होता, लिलोसारखा पाठ केलेल्या पत्त्यावर अवलंबून नव्हता. उबुंटू २००४ मध्ये निघालं. त्यांच्या सीडी काही वर्षं, २०११ पर्यंत, जगात कुठेही पोस्टानं फुकट यायच्या. जैनथच्या पोस्टातही आल्या. पोस्टमननं विचारलं, परदेशातून काय मागवता एवढं? सीडी घालून भिंत कुठे घ्यायची ते पडद्यावर ओढून दाखवायचं, एवढंच काम. २००८ मध्ये तर विंडोजच्याच पोटात एखाद्या फाइलसारखं उबुंटू बसवायची सोय निघाली. आणि २०१६ पासून मायक्रोसॉफ्टनं स्वतःच विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय दिली, तेव्हा पुतण्याचा फोन आला होता, “काकू, थोरलीनं धाकटीला आपल्या स्वयंपाकघरात घेतलं.” मी म्हटलं, घेतलं, पण चूल कुणाची?

यंत्रं २०१२ नंतर बदलली. तो जुना ५१२ बाइटांचा उंबरा मागे पडला, यूईएफआय आलं, आणि त्याच्या दारात आता सही बघणारा पहारेकरी असतो, सिक्युअर बूट. ज्याच्या राखणदारावर मान्य सही आहे तोच आत. ती सही बहुतेक यंत्रांवर मायक्रोसॉफ्टची. लिनक्सवाल्यांना तीच मिळवून आपला राखणदार घालावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचं एक अपडेट आलं. जुन्या, धोकादायक राखणदारांना आत सोडू नये एवढाच त्याचा हेतू, आणि शेजारी लिनक्स असलेल्या यंत्रांना ते लागू होणार नाही असं सांगितलं होतं. पण कित्येक यंत्रांवर शेजारीण आहे हे विंडोजला ओळखूच आलं नाही. सकाळी उठून बघतात तर लिनक्सचं दार बंद. दुरुस्ती आली ती मे २०२५ मध्ये. नऊ महिने लागले.